सरकारी कागद आणि कोर्टाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे वडीलधारी माणसें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीं आहेत. ह्या सांगण्यांत अनुभव आहे. बांधाच्या हातभर जागेसाठीं दोघां भावांनीं वीस वीस वर्षें दावा चालवावा, आणि निकाल लागेतों जिच्यासाठीं भांडण तीच जमीन वकिलाच्या फीपायीं गहाण पडावी, असे प्रकार कोठें ना कोठें प्रत्येकाच्या ऐकण्यांत आहेत. तेव्हां आम्ही आमच्या वाचकांस कोर्टाची वाट दाखवूं लागलों तर त्यांस नवल वाटेल. परंतु भाऊबंदकीचा दावा आणि सार्वजनिक हक्काचा दावा ह्यांत मोठें अंतर आहे. पहिल्यांत एक जिंकतो व दुसरा हरतो, आणि पुष्कळदां दोघेही हरतात. दुसऱ्यांत एकानें मिळविलेला निकाल सर्वांच्या उपयोगी पडतो. सरकारच्या दप्तरांतील माहिती नागरिकांस मिळण्याचा हक्क हा ह्या दुसऱ्या जातीचा आहे. तो नुसता कायद्याच्या पुस्तकांत असून भागत नाहीं. वेळप्रसंगीं त्यासाठीं न्यायालयांत उभें राहावें लागतें. तें काम एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नाहीं. तें संघानें अंगावर घेतलें पाहिजे, एवढेंच आम्हांस ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

शेतकऱ्यास सरकारी कागदाशीं काय कर्तव्य, असें आतां कोणी विचारणार नाहीं. पाऊस आकाशांतून पडतो, पण दुष्काळ कागदावर ठरतो. पैसेवारी किती धरली, पीक-कापणीचे प्रयोग कोणत्या शेतांत झाले व त्यांत उतारा किती आला, विम्यासाठीं महसूल मंडळाचें उंबरठा उत्पादन किती मानलें, कालव्याच्या पाळीचें पाणी कोणत्या वितरिकेस किती सोडलें, रस्त्यासाठीं वा धरणासाठीं जमीन घेतांना मोबदल्याचा हिशेब कोणत्या खरेदीखतांवरून बसविला, ह्या साऱ्या गोष्टी आमच्या शिवारांतल्या असल्या तरी त्यांचा निर्णय कचेरींत होतो. पीक ज्याचें त्यानें कष्टानें उभें करावें, आणि त्या पिकासंबंधीं लिहिलेला कागद मात्र त्यास पाहूं देऊं नये, हें न्यायास धरून नाहीं. पैसा जनतेचा, तेव्हां त्या पैशानें चालणारें दप्तरही जनतेचें. एखादा कागद दाखवूं नये असें कोणास वाटत असेल, तर न दाखविण्याचें कारण देण्याचा बोजा त्याच्यावर असला पाहिजे.

हें तत्त्व आज साधें वाटतें. पण आपल्या राज्यकारभाराची जुनी संवय ह्याच्या उलट होती. इंग्रजी अमलांतील १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला, आणि कचेरींतील प्रत्येक कागद झांकून ठेवण्यासाठींच असतो, ही समजूत त्याच्या आधारानें टिकली. ती समजूत हलविण्यांत न्यायालयांचा वांटा मोठा आहे. राजनारायण ह्यांनीं इंदिरा गांधी ह्यांच्या निवडणुकीविरुद्ध केलेल्या अर्जांत, पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्तासंबंधीं नियमांचें एक सरकारी पुस्तक पुराव्यासाठीं मागण्यांत आलें, आणि सरकारनें तें देण्यास हरकत घेतली. १९७५ सालच्या जानेवारींत त्या हरकतीचा निर्णय करितांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति मॅथ्यू ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, लोकांस जबाबदार असलेल्या राज्यपद्धतींत सरकारी अधिकारी अधिकाराच्या नात्यानें जें जें करितात तें जाणण्याचा लोकांस हक्क आहे. पुढें १९८१ सालीं, न्यायाधीशांच्या बदल्यांविषयींच्या एस. पी. गुप्ता खटल्यांत, हाच हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमांतील भाषणस्वातंत्र्यांत सामावलेला आहे असें मानलें गेलें. म्हणजे पार्लमेंटानें कायदा करण्याच्या तीस वर्षें आधीं ह्या हक्काचें बीं न्यायालयांत पेरलें गेलें होतें.

त्यास पाणी घातलें तें खेड्यांतल्या लोकांनीं. राजस्थानांत मजदूर किसान शक्ति संघटन ह्या संस्थेनें सरकारी कामांवरील हजेरीपट व बिलें गांवासमोर वाचून दाखविण्याचा उपक्रम केला. कामावर न आलेल्यांचीं नांवें आणि न झालेल्या कामांचे खर्च लोकांच्या तोंडूनच उघड होऊं लागले. १९९६ सालीं बियावर येथें ह्याच मागणीसाठीं चाळीस दिवस धरणें धरण्यांत आलें. तमिळनाडु व गोवा ह्यांनीं १९९७ सालीं आपापले कायदे केले. महाराष्ट्राचा कायदा २००२ सालचा, आणि त्यामागें राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनाचा जोर होता. अखेर सबंध देशासाठीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला व तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अमलांत आला.

ह्या कायद्याची रचना वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. तथापि तिची उजळणी येथें अवश्य आहे. दहा रुपये फी भरून कोणाही नागरिकास अर्ज करितां येतो, आणि माहिती कशासाठीं पाहिजे हें सांगावें लागत नाहीं. कागदाची नक्कल घेतां येते, काम प्रत्यक्ष पाहतां येतें, आणि मालाचा प्रमाणित नमुनाही मागतां येतो. खत-बियाण्यांच्या व बांधकामांच्या बाबतींत ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे. उत्तर तीस दिवसांत मिळालें पाहिजे. न मिळाल्यास तो नकारच समजावयाचा, आणि पुढील तीस दिवसांत त्याच खात्यांतील वरिष्ठाकडे पहिलें अपील करावयाचें. तेथेंही दाद न लागल्यास नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरें अपील करितां येतें. माहिती नाकारणें योग्य होतें, हें सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, आणि विनाकारण विलंब करणाऱ्यास दिवसाला २५० रुपयांप्रमाणें २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दिवाणी कोर्टांत ह्याविषयीं दावा लावतां येत नाहीं. परंतु घटनेच्या २२६ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज करण्याचा मार्ग कोणताही कायदा बंद करूं शकत नाहीं. हाच तो कोर्टाचा जिना. त्यावर कोणीं, केव्हां व कशासाठीं चढावें, ह्याचें उत्तम उदाहरण वांग्याच्या बियाण्याच्या खटल्यांत सांपडतें, म्हणून तें आम्ही जरा विस्तारानें देतों.

शेंडा व फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा शत्रु. तिच्यावर उपाय म्हणून जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीनें, म्हणजे महिकोनें, कापसाप्रमाणें वांग्यांतही बीटी जनुक घातलेलें वाण तयार केलें. कापसाचें बोंड कोणी खात नाहीं. वांगें मात्र घरोघर चुलीवर चढतें. कृष्णाकाठचें वांगें आणि जळगांवचें भरताचें वांगें ज्या प्रांतांत पिकतें, त्या प्रांतानें ह्या नव्या वाणाची चौकशी करणें स्वाभाविक होतें. चौकशीचें उत्तर कोठें होतें? तें सरकारी दप्तरांत होतें. कंपनीनें उंदीर, ससे, शेळ्या, दुभत्या गाई इत्यादि जनावरांवर केलेल्या खाण्याच्या चाचण्यांचे अहवाल परवानगीसाठीं सरकारकडे सादर झाले होते. हें बियाणें विषारी आहे कीं निर्विष, त्यानें कोणास अपाय होईल कीं नाहीं, ह्याचे आंकडे त्या बाडांत होते, आणि जो तें पेरणार व जो तें खाणार, त्या दोघांसही तें बाड बंद होतें.

२००६ सालीं ग्रीनपीस ह्या संस्थेच्या वतीनें माहितीच्या कायद्याखालीं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे ह्या आंकड्यांची मागणी करण्यांत आली. विभागानें ती नाकारली. आधार घेतला तो कायद्याच्या आठव्या कलमाचा: व्यापारी गुपित उघड झाल्यास कंपनीचें स्पर्धेंत नुकसान होईल असें असल्यास माहिती नाकारतां येते. पण त्याच कलमांत पुढें असेंही आहे कीं, व्यापक लोकहितासाठीं जरूर असेल तर तीही माहिती दिली पाहिजे. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेलें, आणि २००७ सालीं आयोगाचा कौल उघडपणाच्या बाजूनें पडला. तेवढ्यानें कागद हातीं आला नाहीं. कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली. दरम्यान जनुक-परिवर्तित पिकांविषयीं अरुणा रॉड्रिग्स व इतर ह्यांची २००५ सालची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढें चालूच होती. तीमध्यें २००८ सालीं न्यायालयानें विषारीपणाच्या व अॅलर्जीच्या चाचण्यांची माहिती लोकांपुढें ठेवावी असें सांगितलें, आणि अहवाल प्रसिद्ध झाले.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. कागद उघडा होतांच देशांतील व परदेशांतील स्वतंत्र शास्त्रज्ञांनीं तो तपासला. फ्रान्समधील सेरालिनी ह्यांच्यासारख्यांनीं चाचण्यांच्या पद्धतींतील उणिवा मांडल्या. सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें त्या आक्षेपांचा विचार करून बियाणें निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. आणि ऑक्टोबर २००९ मध्यें जनुकीय अभियांत्रिकीच्या केंद्रीय मान्यता समितीनें त्यास मंजुरीही दिली. तथापि केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश ह्यांनीं लगेच अंमल न करितां सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपलें नागपूरही होतें. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाण्याचे व्यापारी, डॉक्टर, सर्वांनीं आपापलें म्हणणें मांडलें. ९ फेब्रुवारी २०१० रोजीं त्यांनीं ह्या वाणास स्थगिती दिली व आपल्या निर्णयाचीं कारणें सविस्तर प्रसिद्ध केलीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट करूं. बीटी वांगें चांगलें कीं वाईट, ह्या वादांत हा लेख कोणत्याही पक्षाचा नाहीं. बांगलादेशानें २०१३ सालीं त्यास परवानगी दिली व तेथील शेतकरी २०१४ पासून तें पेरूं लागले. आपल्याकडील कांहीं शेतकऱ्यांसही तें हवें आहे. ज्यास तें हवें आहे त्यासही चाचणीचा कागद उघडा असणें हितकारकच आहे. कारण झांकलेल्या कागदावर मिळालेल्या मंजुरीवर कोणाचा विश्वास बसत नाहीं, आणि उघड्या कागदावर झालेला निर्णय विरोधकासही निदान समजूं शकतो. बीटी कापसास २००२ सालीं मंजुरी मिळाली तेव्हां देशाचा माहिती कायदा नव्हता. शेतकऱ्याच्या हातीं बियाण्याची पिशवी आली, तिच्या मागचें दप्तर आलें नाहीं. वांग्याच्या वेळीं दप्तर आधीं आलें. एवढा फरक कशानें पडला? कायद्यानें पडला हें खरें. पण नुसत्या कायद्यानें नव्हे. आठव्या कलमाचा दाखला देऊन पहिला नकार आला, तेव्हांच अर्ज फडताळांत टाकून दिला असता, तर कायदा असूनही कागद बंदच राहिला असता.

ह्याच मार्गाचा दुसरा टप्पा मोहरीच्या बाबतींत दिसला. दिल्ली विद्यापीठांत सार्वजनिक पैशाच्या मदतीनें तयार झालेल्या जनुक-परिवर्तित मोहरीच्या सुरक्षिततेची माहिती जाहीर करावी, असा हुकूम केंद्रीय माहिती आयोगानें एप्रिल २०१६ मध्यें दिला. त्यानंतर सारांशवजा अहवाल लोकांच्या सूचनांसाठीं प्रसिद्ध झाला. सबंध बाड पाहावयाचें तर मात्र दिल्लींतील मंत्रालयाच्या कचेरींत जावें लागे. राजस्थानांतील वा हरियाणांतील मोहरी पिकविणाऱ्यानें रब्बीच्या तोंडावर दिल्लीस जाऊन इंग्रजी बाड वाचावें, ही अपेक्षा म्हणजे दार उघडून उंबऱ्यावर आडवें खाट टाकण्यासारखें आहे. २०२२ सालीं ह्या मोहरीस लागवडीची सशर्त मंजुरी मिळाली, आणि २३ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा त्या मंजुरीविषयीं मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावयाचें ठरलें. ह्यावरून एवढें शिकावयाचें कीं, माहिती मिळविण्याचा लढा एका निकालानें संपत नाहीं. ती कोणत्या भाषेंत, कोठें आणि केव्हां मिळते, ह्यासाठींही दक्ष राहावें लागतें.

पैशाच्या बाबतींतही न्यायालयानें असाच उपकार केला आहे. गुजराथेंतील एका सहकारी बँकेविषयींची माहिती रिझर्व्ह बँकेकडे मागण्यांत आली, तेव्हां बँकांनीं आपणांस ती विश्वासानें दिली आहे, सबब उघड करितां येत नाहीं, अशी सबब रिझर्व्ह बँकेनें सांगितली. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१५ मधील निकालांत ती मान्य केली नाहीं. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचें इमान ठेवीदारांशीं व जनतेशीं आहे, अशा अर्थाचें न्यायालयानें सांगितलें. पुढें कांहीं बँकांनीं हा निकाल परत घ्यावा म्हणून खटपट केली. २०२१ सालीं न्यायालयानें ती फेटाळली. ज्यांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत अशा आमच्या वाचकांनीं ह्या निकालाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

न्यायालय प्रत्येक वेळीं माहिती मागणाराच्या बाजूनेंच निकाल देतें, असें मात्र कोणी समजूं नये. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, माहिती मिळविण्यासाठीं अपीलाचाच मार्ग धरला पाहिजे. नुसत्या तक्रारीवर आयोग दंड करूं शकेल, पण माहिती देण्याचा हुकूम करूं शकणार नाहीं. हा भेद न समजल्यामुळें वर्षें फुकट जातात; म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा. २०१२ सालीं सरकारी नोकराच्या चौकशीचे व मालमत्तेचे कागद हे सामान्यतः त्याची खाजगी बाब होय असें ठरलें. आणि २०१३ सालीं, केरळांतील थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यांत, ज्या सहकारी संस्थांवर सरकारची खरीखुरी मालकी, भरीव आर्थिक मदत वा पूर्ण ताबा नाहीं त्या माहितीच्या कायद्याखालीं येत नाहींत असा निकाल झाला. अशा निकालांपासूनही शिकावयाचें असतें. कच्च्या पुराव्यावर वा भलत्या मागणीवर कोर्टांत गेलेला एक अर्ज हजारों लोकांचा रस्ता अरुंद करूं शकतो. म्हणून खटला कोणता निवडावा ह्यालाच शहाणपण लागतें.

सांप्रत ह्या हक्कास दोन बाजूंनीं झीज लागली आहे. एक बाजू रिकाम्या खुर्च्यांची. माहिती आयुक्तांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहींत, मग अपीलें सांचतात, आणि खरिपाच्या विम्याविषयींचा प्रश्न पुढील कित्येक हंगाम उलटल्यावर सुनावणीस येतो. ह्याविषयीं अंजली भारद्वाज व इतर ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें १५ फेब्रुवारी २०१९ रोजीं जागा वेळेवर भरण्याचे हुकूम दिले, आणि २०२३ सालीं पुनः राज्यांस त्यासाठीं कानपिचक्या दिल्या. म्हणजे आयोगाच्या खुर्च्या भरून घेण्यासाठींही न्यायालयांतच जावें लागलें. दुसरी बाजू कायद्यांतील बदलाची. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि माहितीच्या अधिकारांत फेरफार करणारें त्याचें कलम नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आलें. पूर्वीं, सार्वजनिक कामाशीं संबंध नसलेली खाजगी माहितीच नाकारतां येत असे, आणि तीही लोकहित मोठें असल्यास द्यावी लागे. आतां त्या कलमांत ‘व्यक्तिगत माहिती’ एवढेंच मोघम राहिलें आहे. दुष्काळी अनुदानाची यादी, ठिबक संचाच्या मदतीची यादी, रोजगार हमीचा हजेरीपट, ह्या सगळ्यांत माणसांचीं नांवें असतात. तेव्हां नांवें आहेत म्हणून यादी मिळणार नाहीं, असें उत्तर देण्यास कचेरीस सोपें झालें आहे.

खाजगी गोष्टी खाजगी राहाव्या, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. कोणाच्या घरांतील आजार, कोणाचें कर्ज, कोणाचा बँक खाते क्रमांक चव्हाट्यावर यावा असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. परंतु सार्वजनिक तिजोरींतून मदत कोणास मिळाली, हें गांवानें पाहूं नये असें ठरलें, तर ज्याच्या शेतांत गारा पडल्या तो यादीबाहेर व ज्याच्या शेतांत पडल्या नाहींत तो यादींत, हा प्रकार कोण उघडकीस आणणार? सुदैवानें दोन आधार शिल्लक आहेत. लोकहित मोठें असेल तर सवलतींतील माहितीही द्यावी, असें सांगणारें आठव्या कलमाचें दुसरें पोटकलम अजून जागेवर आहे. आणि अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांचा तपशील सरकारनें आपण होऊन प्रसिद्ध करावा, असें चवथें कलम सांगतें. ह्या दोन आधारांवर भक्कम उभा राहणारा एखादा खटला लवकरच चालविणें जरूर आहे. नव्या शब्दांचा अर्थ अखेर न्यायालयेंच करणार. तो अर्थ ठरण्याच्या वेळीं शेतकऱ्याची बाजू मांडणारा कोणी तेथें हजर असला पाहिजे.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला, कीं अशा अर्जांनीं अधिकाऱ्यांचा वेळ जातो. सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं एका निकालांत अव्यवहार्य व सरसकट मागण्यांविरुद्ध इशारा दिला आहे, आणि तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे अर्ज नेमका करणें, आणि सरकारनें चवथ्या कलमाप्रमाणें माहिती आधींच मांडून ठेवणें. पैसेवारीचे व कापणी-प्रयोगांचे तक्ते चावडीवर लावले, तर त्यासाठीं अर्ज कोण करील? दुसरा आक्षेप, कीं कोर्टास खर्च फार. खरें आहे, एकट्यास तो फारच आहे. तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाहीं, पण तोच सर्वांत जड आहे: माहिती मागणारा डोळ्यांवर येतो. जमिनीच्या व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी ह्यांचा जानेवारी २०१० मध्यें तळेगांव दाभाडे येथें खून झाला, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाहीं. एकटा माणूस गप्प केला जाऊं शकतो. पांचशें सभासदांच्या ठरावावर झालेला अर्ज गप्प करणें तितकें सोपें नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर एकच आहे, आणि तें म्हणजे संघ.

म्हणून आमची सभासदांस सूचना अशी. प्रत्येक तालुका शाखेनें कायद्याची माहिती असलेल्या दोघांतिघांची एक कागद-समिति नेमावी. हा हक्क कायद्यानें नागरिकास दिलेला असल्यामुळें अर्ज एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नांवानें करावा, पण त्यामागें शाखेचा लेखी ठराव असावा. मागणी नेमकी असावी: कोणतें गांव, कोणता हंगाम, कोणता तक्ता. पोंचपावत्या, पाकिटांवरील तारखा व उत्तरें जपून ठेवावीं. उच्च न्यायालयांत पुढें उपयोगी पडतो तो हाच पुरावा. अपीलाच्या मुदती चुकवूं नयेत. जमीन-संपादनाच्या बाबतींत २०१३ सालच्या कायद्याप्रमाणें सामाजिक परिणामांचा अहवाल स्थानिक भाषेंत प्रसिद्ध झालाच पाहिजे. तो न झाल्यास तेथेंच हरकत घ्यावी, मोबदल्याची नोटीस येईपर्यंत थांबूं नये. ह्या सर्व प्रकरणांतून दरवर्षीं एकच, पण सर्व शेतकऱ्यांच्या हिताचें व कागदोपत्रीं पक्कें असें प्रकरण मध्यवर्ती मंडळानें निवडावें, आणि तें शेवटपर्यंत लढवावें. त्यासाठीं प्रत्येक सभासदानें वर्षास एक पायली धान्याची किंमत जरी बाजूला काढली, तरी चांगला वकील देतां येईल. मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें उच्च न्यायालयाचीं पीठें आहेतच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासही उच्च न्यायालय बसूं लागलें आहे, त्यामुळें दक्षिण महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास पूर्वींइतकी दूरची वाट उरलेली नाहीं.

आणि दुसऱ्याच्या दप्तराकडे बोट दाखवितांना आपलें दप्तर उघडें असावें, हें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. सहकारी संस्था माहितीच्या कायद्याबाहेर असल्या, तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याच्या ३२ व्या कलमानें सभासदास संस्थेचे पोटनियम, तपासलेला ताळेबंद, नफा-तोट्याचें पत्रक, सभांचीं इतिवृत्तें व स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे. आपल्या सोसायटींत, कारखान्यांत, दूध संघांत किती सभासद हा हक्क बजावतात, आणि बजावूं लागल्यास किती चालक तो हंसतमुखानें मान्य करितात? जो चेअरमन सभासदास इतिवृत्त दाखवीत नाहीं, त्यानें तहसीलदारास पारदर्शकतेचा उपदेश करणें शोभत नाहीं. शाखांनीं पहिला उघडा कागद आपल्याच कपाटांतून काढावा, म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली मागण्यास तोंड राहील.

नांगरट केल्यावांचून जमीन पिकत नाहीं, आणि दरवर्षीं पाळी दिल्यावांचून हरळी जात नाहीं. हक्काचेंही तसेंच आहे. तो एकदां मिळाला म्हणून कायमचा मिळाला असें होत नाहीं. वांग्याच्या बियाण्याचा कागद दोन वर्षांनीं उघडला, तो कोणी चिकाटीनें तीन दारें ठोठावलीं म्हणून. आपल्या पैसेवारीचा, आपल्या विम्याचा, आपल्या पाण्याचा कागद आपोआप उघडेल ही आशा व्यर्थ आहे. भाऊबंदकीसाठीं कोर्टाची पायरी न चढण्याचें वडिलांचें सांगणें आपण जरूर पाळावें. सर्वांच्या हक्कासाठीं मात्र ती पायरी चढण्याची वेळ आली, तर ती एकट्यानें भीतभीत न चढतां संघाच्या ठरावानें, पुऱ्या कागदांनिशीं आणि ताठ मानेनें चढावी. येत्या वार्षिक सभेपुढें हा ठराव कोणती शाखा प्रथम आणते, हें आम्ही उत्सुकतेनें पाहत आहों.